पाठीवरची चेन

प्रल्हाद कर्णिक पुण्याहून ऑस्ट्रेलियात, होबार्टला आला तो धरणांच्या कामावरचा इंजिनिअर म्हणून. पन्नाशी उलटल्यावर त्याला कयाकचं, त्या अरुंद एकट्याच्या होडीचं, वेड लागलं. त्याची बायको अंजू पाण्यात पाऊलही घालत नसे, पण हिवाळ्यात ती त्याच्याबरोबर किनाऱ्यावर यायचीच, कारण तिच्याशिवाय त्याचा ड्रायसूट बंद होत नसे.

ड्रायसूट म्हणजे गळ्यापासून पावलांपर्यंतचा एकसंध पोशाख. मानेला आणि मनगटांना घट्ट रबर, आत लोकरीचे कपडे. थंडगार पाण्यात पडलं तरी माणूस कोरडा राहतो. प्रल्हादच्या सूटची चेन मात्र पाठीवर होती, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. "हात पुढे घे, जरा वाक," म्हणत अंजू ती दातओठ खात ओढायची. मग तो उकिडवा बसून मानेचं रबर बोटानं उचलायचा. आतली हवा फुस्स करून बाहेर पडली की ती दरवेळी हसायची.

वडील आजारी म्हणून अंजू पुण्याला गेली आणि कोविडमुळे देशांच्या सीमा बंद झाल्या. वडील गेले, आई एकटी पडली. अंजूची तिकिटं निघायची आणि रद्द व्हायची. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये एकदाची जागा मिळाली, तर ऑस्ट्रेलियानं भारतातून येणारी विमानंच थांबवली.

"तू सिटिझन आहेस. असं कसं थांबवतात?" प्रल्हाद फोनवर म्हणाला.

"थांबवलंय खरं," ती म्हणाली आणि खोकली.

"खोकतेयस का?"

"घसा जरा खवखवतोय. तू जेवलास?"

त्यानंतर बोलणं झालं ते तिच्या भावाशी, रविंद्रशी. ऑक्सिजनचा बेड मिळाला, व्हेंटिलेटर मिळेना. मग एका सकाळी रविंद्र म्हणाला, "भाऊजी, ताई गेली." ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायलाही परवानगी मिळत नव्हती, त्यामुळे अंत्यसंस्कार प्रल्हादनं मोबाइलवर पाहिले. पांढऱ्या पीपीईतली दोन माणसं दिसली, धूर दिसला आणि रेंज गेली.

होबार्टमध्ये तेव्हा कोविड जवळजवळ नव्हताच. कॅफे भरलेले असायचे. ऑफिसातले म्हणाले, "हवा तेवढा वेळ घे, मेट." वेळ घेऊन करायचं काय, ते कुणी सांगितलं नाही.

घरात बसवेना तेव्हा तो कयाक घेऊन किंग्स्टनच्या किनाऱ्यावर गेला. चेनला दोरी बांधली, तिचं टोक गाडीच्या दारात अडकवलं आणि स्वतःच पुढे सरकत ती ओढली. शेवटची वीतभर काही सरकेना. जवळच एक बाई कुत्रा फिरवत होती. तिनं लगेच ओढून दिली असती, पण त्याला पाठीवर दुसऱ्या कुणाचा हात नको होता. तो तसाच पाण्यात शिरला.

खाडीच्या मध्यावर दक्षिणेचा वारा सुटला. एक लाट आडवी आली आणि कयाक उलटली. पाठीतून पाणी आत घुसलं तसा त्याचा श्वासच अडकला. आपण मरायला आलो होतो का, हे त्यालाही माहीत नव्हतं. हातांनी मात्र कयाक घट्ट धरून ठेवली. सूटचे पाय पाण्यानं भरून पोत्यांसारखे जड झाले होते.

मासे धरायला निघालेल्या एका म्हाताऱ्यानं त्याला आपल्या बोटीत ओढून घेतलं.

"चेन उघडी होती तुझी."

"बायको लावते," प्रल्हाद कुडकुडत म्हणाला.

"मग आज कुठंय ती?"

"पुण्यात."

म्हाताऱ्याला ते गाव कुठलं ते कळलं नसावं. त्यानं ब्लँकेट पुढं केलं आणि इंजिन सुरू केलं.

वर्ष संपताना सीमा उघडल्या. प्रल्हाद पुण्याला पोचला तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अस्थी रविंद्रनं केव्हाच विसर्जित केल्या होत्या. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, खूप लहान झाल्यासारख्या.

"आता आलात?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना.

"सोडत नव्हते," तो म्हणाला.

त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला उठल्या. आत भांडी वाजत राहिली. तिकडं जाऊन त्यांना हातभार लावावा असं त्याला वाटलं, पण तो उठला नाही.