गोठ्याचं दुसरं दार

बंबाचा चालक म्हणून अग्निशमन केंद्रात रुजू झालो, त्या सकाळी मुंजाजीमामांनी मला आधी स्वयंपाकघरात नेलं. कढईत तेल तापत ठेवलं. ते धुरावलं आणि पेटलं. मी घाईघाईनं पाण्याचा तांब्या उचलला, तसा त्यांनी माझा हात धरला. "पानी न्हाई, शेषराव! भडका उडंल." गॅस बंद करून त्यांनी कढईवर झाकण सरकवलं. आग विझली. "झाला पह्यला धडा. आता वांगे चिरा," ते म्हणाले.

मामा आमच्यातले सगळ्यात जुने फायरमन. शिकवायचं त्यांना वेड होतं. शाळा असो की बचत गटाच्या बायका, कुणी बोलावलं की शेगडी घेऊन निघायचे. आग विझवून दाखवली की त्याच शेगडीवर चुरमुऱ्यांचा सुशीला परतून सगळ्यांना खाऊ घालायचे. "उपाशी मानसाच्या डोक्यात काईच शिरत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. सुट्टीच्या दिवशी मात्र घरात सापडायचे नाहीत. पायी रानं तुडवत फिरायचे. "छताखाली बसलं की मव्हं डोकं जाम व्हतं बगा."

एका उन्हाळ्यात दुपारी पेडगावच्या पुढं एका वस्तीवर आग लागली. तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, कुडाचा गोठा, दाराशीच रचलेली कडब्याची गंजी. आम्ही पोचलो तेव्हा गंजीसकट दार पेटलं होतं आणि आत शेळ्या ओरडत होत्या. घरच्या यमुनाबाई, साठीच्या पुढच्या, आमच्यादेखत त्या दारातून आत शिरल्या. मामांनी ओलं पोतं डोक्यावर घेतलं आणि त्यांच्या मागं धावले. यमुनाबाईंना ते ओढत बाहेर घेऊन आले, तेवढ्यात छप्पर बसलं. सात शेळ्या आतच गेल्या.

यमुनाबाईंनी मामांची गचांडी धरली. "मला कामून काढलंस रे मुडद्या? मव्ही लेकरं जळाली की!"

परतताना भाजलेला हात मांडीवर ठेवून मामा एवढंच म्हणाले, "शिव्या द्यायला जिती हाय ती. बास." पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

हात बरा झाल्यावर पहिल्याच रविवारी ते पायी त्या वस्तीवर गेले. मीही सोबत होतो. यमुनाबाईंनी तोंड फिरवलं. "आता कशाला आलास?"

"मावशी, गोठ्याला एकच दार व्हतं. आग तिथंच लागली. शेळ्यायनं जावं कुठून?"

"आमच्या सासऱ्यापासून एकच हाय."

"मंग आता दोन करू."

नव्या गोठ्याला मामांनी स्वतः मागच्या बाजूनं दार ठेवलं, गंजी लांब रचायला लावली. मग दर रविवारी बाभळीच्या शेंगा दाखवत, शीळ घालत ते त्या दिवशी चरायला गेल्यानं वाचलेल्या शेळ्यांना मागच्या दारानं बाहेर काढायचे. "ह्या तर आमच्या पोरायपेक्षा लवकर शिकायल्यात," असं ते माझ्याकडं बघत म्हणाले, तेव्हा यमुनाबाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनाही शीळ घालायला शिकवूनच मामा थांबले.

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. हृदयविकारानं, दोन दिवसांत. त्या वस्तीवर कळवायचं कुणाला सुचलंच नाही.

यंदा चैत्रात पुन्हा तिथूनच फोन आला. शेजारच्या रानातलं पेटतं पाचट वाऱ्यानं उडालं होतं. मी बंब दामटला. गोठा धडधडून जळत होता, पण कुणी रडत नव्हतं. बाभळीखाली सगळ्या शेळ्या उभ्या होत्या आणि मधोमध यमुनाबाई.

"एकबी गेली न्हाई!" त्या लांबूनच ओरडल्या. "मुंजाजी कुठं हाय? सांगा त्याला."

मला सांगावं लागलं. त्या एका करडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, तोवर आम्ही आग विझवली.

निघताना त्या बंबासमोर येऊन उभ्या राहिल्या. डोळे लाल होते. "पल्याडच्या वस्तीवर चार घरायच्या शेळ्या हायत. समद्यायला एकच दार. मी जानार हाय उद्या त्यायला सांगायला. दुसऱ्या दारासाठी तुराट्याचा कूड तोडायला तुमच्यातला एक गडी द्या मला."

"मीच येतो, मावशी," मी म्हणालो.

"मंग ऊन चढायच्या आदी ये," त्या म्हणाल्या आणि शेळ्यांकडं वळल्या.