पंचाने दांडू आधी मोजावा

विटीदांडूच्या खेळात दांडूला दोन कामे असतात. पहिले काम विटीला टोला मारण्याचे. दुसरे काम मोजमापाचे: विटी जेथे पडली तेथपासून गलीपर्यंत, म्हणजे जमिनीत कोरलेल्या खळग्यापर्यंत, जितके दांडू अंतर भरेल तितके गुण. पहिल्या कामावरून भांडण झालेले मी पाहिलेले नाही. दुसऱ्यावरून डोकी फुटलेली पाहिली आहेत. कारण उघड आहे. दांडू चार बोटे आखूड केला की प्रत्येक टोल्याला फुकटचे गुण पदरात पडतात. व्यस्त प्रमाणाचे हे उदाहरण मी चौथीच्या वर्गाला घालत असे. गावातल्या मोठ्या माणसांना ते वर्गाहून चांगले येत होते.

मी तेव्हा शहादे तालुक्यातल्या एका खेड्यात लोकल बोर्डाच्या शाळेवर होतो. शाळेला इमारत नव्हती. ती बोर्डाच्या कागदावर बरीच वर्षे उभी होती. आम्ही बसत होतो गावच्या पाटलांच्या धान्याच्या कोठारात. त्याचे भाडे ते घेत नसत, आणि घेत नाही हे कोणाला विसरू देत नसत. किल्ली माझ्याजवळ असली तरी कडी, कोयंडा आणि भिंती त्यांच्या होत्या. ते कोठार गेले तर पावसाळ्यात मुलांना बसवायला गावात दुसरी कोरडी जागा नव्हती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे शेते मोकळी असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि नदीच्या दोन काठांवरून दोन गावच्या बायका एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. तो सणाचाच भाग. पुरुषांचा वाटा म्हणजे विटीदांडूचा सामना. तो लोणखेड्याच्या वाटेवरच्या पडीक रानात होई. आदल्या वर्षी त्या सामन्याचा शेवट लाठ्यांनी झाला होता. म्हणून या खेपेस दोन्ही गावच्या जाणत्यांनी म्हसावदच्या बाजारात बसून ठरवले की दांडू हातभर, म्हणजे दीड फुटाचा असावा, आणि पंच एकच असावा. तो पंच मी. मी एकच अट घातली: नाणे उडवण्याआधी दोन्ही दांडू मी तपासणार. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सणाच्या आदल्या दिवशी पाटील कोठाराच्या दारात आले. आत आले नाहीत. "मास्तर, आपलं गाव शे, आपली शाळा शे. ध्यान ठेवा," एवढे बोलून ते गेले. खेळात आमच्या गावचा म्होरक्या त्यांचा धाकटा भाऊ होता. मला अर्थ समजला. तो समजावा अशाच रीतीने ते बोलले होते.

तपासणीची रीत असते. ती सर्वांदेखत करावी. दोन्ही बाजूंची एकाच वेळी करावी, म्हणजे एकावर संशय घेतल्याचे दिसत नाही. सामना सुरू झाल्यावर तपासणी काढू नये, कारण मग हरणाऱ्याला ती हवी असते आणि जिंकणाऱ्याला नको असते. आणि लबाडी हा शब्द पंचाने तोंडातून काढू नये. मी दोन्ही म्होरक्यांना पुढे बोलावले, शाळेची फूटपट्टी काढली आणि आमच्या गावचा दांडू तिच्याशी लावला. दीड फुटाला तो चार बोटे कमी भरला.

"घासाई गया तो," पाटलांचा भाऊ म्हणाला. "तीन पिढ्यास्ना दांडू शे हाऊ!"

घासून झिजलेले टोक गोल होते. करवतीने कापलेले सपाट राहते. हे टोक सपाट होते. वर हळद आणि तेल चोळून लाकडाला म्हातारपण आणले होते, पण नखाने दाबताच खालचे लाकूड पांढरे निघाले.

नदीपलीकडच्या गावच्या गर्दीतून एकजण ओरडला, "तीन पिढ्या टिकना आन् काल रातले घासाई गया का रे?"

पाटलांचा भाऊ चिडला. "हातभर ठरेल व्हतं. हातभर म्हणजे कोना हात? मन्हा हात इतलाच शे!"

"मग लावा हात," मी म्हणालो.

लावण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. सगळे रान पाहत होते. माणूस उंचापुरा, हात त्याला साजेसा. त्याने कोपर दांडूच्या टोकाला टेकवले आणि दुसऱ्या टोकाबाहेर त्याची चारही बोटे मोकळी हलू लागली. पलीकडच्या गावची एक म्हातारी पदर तोंडाला न लावता हसली. "धर रे भाऊ, धर! तुन्हा हात पळी जाई ऱ्हायना!"

"हा दांडू आज खेळात नाही," मी सांगितले आणि तो बाजूला ठेवला.

पलीकडच्या गावाने टाळ्या पिटल्या. त्यांचा म्होरक्या आपला दांडू मागे घेऊन जाऊ लागला. मी तो मागितला.

"आमना कसाले? बराबर शे तो."

लांबीला तो बरोबरच होता. मी तो एका बोटावर आडवा तोलला. सरळ, सारख्या जाडीच्या लाकडाचा तोल मध्याजवळ यावा. याचा तोल मारत्या टोकाकडे पार सरकला होता.

"मास्तर कसरत करी ऱ्हायनात का?" कोणीतरी विचारले. मी टोक चाकूने खरडले. लाखेचे बूच निघाले आणि आत शिसे. लाकूड पोखरून ओतलेले, निगुतीने, म्हणजे करणाऱ्याला वेळ आणि अक्कल दोन्ही होती. अशा जड टोकाने मारलेली विटी झेलायला जाणाऱ्याचे दात जातात. आखूड दांडू गुण चोरतो, हा दांडू माणसाला जखमी करतो. मला त्या गावचा जास्त संताप आला.

टाळ्या थांबल्या. "तुमले कोणी सांगं व्हतं खरडाले?" त्यांचा म्होरक्या माझ्या अंगावर येत म्हणाला.

"तुम्हीच. म्हसावदला."

अशी वेळ येईल हे गृहीत धरून मी बाभळीचा एक दांडू पट्टीने मोजून तयार ठेवला होता. दोन्ही गावे त्याच दांडूने खेळली. मोजमापाच्या वेळी तो मी माझ्या हातात घेत असे. सामना अगदी रटाळ झाला. कोणालाच धड टोला बसेना, आणि प्रत्येक चुकल्या टोल्याला दोन्हीकडून माझ्या आईबापांचा उद्धार होत राहिला. आमचे गाव थोडक्यात हरले. लाठ्या मात्र निघाल्या नाहीत. मास्तर नालायक आहे यावर दोन्ही गावांचे त्या दिवशी एकमत झाले होते, आणि एकमत झाल्यावर भांडायला कारण उरत नाही.

तिसऱ्या दिवशी कोठाराला नवे कुलूप दिसले. आमचे तक्ते, घंटा आणि बसकरे बाहेर ओट्यावर टाकलेली होती. पाटील शेजारच्या बाजेवर बसले होते.

"भुईमूग भरना शे," ते म्हणाले. भुईमूग अजून पेरलासुद्धा नव्हता. मग तेच पुढे बोलले, "चार बोटंसाठे शाळा उठाडी तुमी, मास्तर."

"शाळा तुम्ही उठवलीत, पाटील. चार बोटांसाठी."

त्यांनी उठून कुलूप दोनदा ओढून पाहिले आणि ते घरात गेले.

तालुक्याच्या शाळेतले एक समव्यवसायी मला म्हणाले, "गुरुजी, थोडी डोळेझाक केली असती तर मुलांचे नुकसान टळले असते." पुढे ते हेडमास्तर झाले. त्यांच्या सबंध कारकिर्दीत त्यांचे कोणाशी वाकडे आले नाही, आणि त्यांच्या हाताखालून सुटलेल्या मुलांना कोणते माप खरे हे शेवटपर्यंत कळले नाही. अशा समजूतदार माणसांविषयी मला आदर वाटत नाही.

गावातल्या एका मारवाडी व्यापाऱ्याची कापसाची वखार दिवाळीपर्यंत रिकामी असे. त्याने ती दिली, पण मेहेरबानी म्हणून नव्हे. "कापूस आला की उठायचं, मास्तरजी. तेव्हा माझ्याशी वाद नको," असे त्याने पहिल्याच वाक्यात बजावले. ती भाषा मला मानवली. वखारीत पत्रे गळत, जुन्या कापसाची तूस नाकात जाई, आणि कविता म्हणता म्हणता सगळा वर्ग शिंकू लागे.

बहुतेक मुले आली. शिव्या देणाऱ्या बापांचीही आली. पाटलांचा मुलगा मात्र आला नाही. त्याला घरी बसवले होते. तो हुशार होता, अपूर्णांकांपर्यंत पोहोचला होता, आणि छेद समान करण्याची रीत त्याला नुकतीच उमगू लागली होती. मी दोनदा निरोप धाडला. पोळ्याच्या सुमारास तो मला बैलांमागे चालताना दिसला. मी हाक मारली, तेव्हा त्याने मागे वळून न पाहता बैलांना जोराने हाकले.