उखाण्यात मागितलेला शेवटचा धडा

बायांनो, तुमास्नी एक इचारायचंय. म्या सांगतेय, नात पूजा ह्या गटावर लिहितेय.

पूजानं ऑनलाइन घेतलेली कादंबरी मोबाईल मला वाचून दाखवतो. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याची गोष्ट, लई गोड माणूस. पण शेवटचा धडाच न्हाय! पूजानं दुकानाला कळवलं. आज प्रकाशकाकडच्या पोरीचा फोन आला, "आजी, कुणाच्या गोष्टीचा शेवट राहिलाय? नाव सांगा."

आता आली का पंचाईत! त्या ट्रॅक्टरवाल्याचं अन् आमच्या ह्यांचं नाव एकच. नवऱ्याचं नाव असं सरळ कसं घ्यायचं? मग उखाणाच घेतला, "सुपात शेंगा, शेंगांत दाणे, अमुकरावांचा शेवट कुठं हाय, सांगा शहाणे!" अमुकच्या जागी खरं नाव होतं. पोरगी खो खो हसली अन् घंटाभरात धडा आला.

मोबाईलनं सपाट आवाजात वाचलं, ट्रॅक्टरवाला मेला. नाव घेऊन! सोनारीच्या काळभैरवा, शेवट म्याच मागून घेतला की! हातातली बशी फुटली.

हे ओसरीवरून म्हणाले, "म्या जिता हाय. चहा टाक."

चहा टाकला अन् पूजाला म्हटलं, दुसरी तक्रार लिव्ह. हा धडा परत न्या, शेवट नसलेलं पहिलं पुस्तकच बरं होतं.

तुमी काय कळवलं असतं?