मशेरीने झाकलेलं रक्त

प्रभावतीकाकूंची मशेरी म्हणजे सावर्ड्याजवळच्या त्या बौद्धवाडीत औषधच. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, खोकत खोकत कुटायची आणि जिच्या हिरड्यांतून रक्त येईल तिला पुडी बांधून द्यायची. त्यात काकूंचा काडीचा स्वार्थ नव्हता. तरुणपणी ब्रश लावला की त्यांच्याच हिरड्या लाल व्हायच्या. मशेरी सुरू केली आणि रक्त थांबलं. मग ब्रश कशाला हवा? तो त्यांनी शिलाई मशीन झाडायला ठेवला. आता, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्यावर माणूस विश्वास ठेवणार नाही तर कशावर ठेवणार?

विहारातली वंदना असो की लग्न, काकूंनी सुरुवात केल्याशिवाय वाडीत कुणी तोंड उघडत नसे. म्हणूनच पुतणी आम्रपालीचं लग्न ठरलं आणि त्याच सुमारास त्यांचे खालचे दात हलायला लागले, तेव्हा त्या आरशासमोर बसून वंदना म्हणून पाहू लागल्या. दात गेले तर शब्द फसफसणार आणि भर मांडवात हसं होणार. आम्रपालीच त्यांना बखोट धरून सावर्ड्याला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर दर्शना वयाने पुतणीएवढीच. तिने नीट तपासलं आणि समजावलं, "काकू, दातांवर चिकट थर बसतो ना, तो जिवाणूंचा असतो. घासून काढला नाही तर ते हिरडीखाली उतरतात. हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि आतलं हाड झिजत जातं."

"पन माजं रगत तर कवाच थांबलंय गो."

"मशेरीतल्या तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात. त्यामुळे रक्त थांबलं, रोग नाही थांबला. जिवाणू आत आपलं काम करतच राहिले."

काकूंना हे मुळीच आवडलं नाही. इतक्या वर्षांचं औषध एका पोरीने मोडीत काढायचं म्हणजे काय! पण दोन दात खरोखरच वाचण्यातले नव्हते, ते काढावे लागले. बाकीचे हिरडीखालपर्यंत साफ करून घेतले. ब्रश रोज आणि मशेरी बंद, असं बजावून दर्शनाने त्यांना घरी पाठवलं.

मशेरीविना काकूंचं डोकं ठणकू लागलं. कोंबड्यांवरसुद्धा त्या खेकसायच्या. त्यात एका सकाळी ब्रश लालभडक निघाला. "त्या पोरीनं माजं तोंड नासवलं," म्हणत त्यांनी फळीवरचा डबा काढला आणि चिमूटभर मशेरी बोटावर घेतली. ती लावली की रक्त थांबेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण मागच्या खेपेला थांबल्यावर आत काय झालं, तेही आता ठाऊक होतं. बिचाऱ्या तशाच उभ्या राहिल्या. मग बोट धुतलं आणि आम्रपालीकडून दर्शनाला फोन लावून घेतला. "ही सूज आधीचीच आहे, मशेरी सुटली म्हणून रक्त आता दिसायला लागलंय," ती म्हणाली. "घासणं सोडू नका. थर निघत गेला की हिरडी निवळेल." निवळलीही, पण सावकाश.

लग्नात काकूंनीच त्रिशरण सुरू केलं. दातांच्या फटीतून मधूनच शिट्टी वाजत होती आणि पोरं फिदीफिदी हसत होती. काकूंनी त्यांच्याकडे डोळे वटारले आणि सूर आणखी चढवला. त्या दिवशी त्या फार सुंदर म्हणाल्या, हे सांगायलाच हवं.

जेवणाच्या पंगतीत शेजारची येसूबाई त्यांच्या कानाशी लागली. "परबावती, हिरडीतनं रगत येतंय गो माज्या. जरा चिमूटभर दे ना."

काकूंचा घास हातातच राहिला. आजवर अशा किती जणींना आपण पुड्या बांधून दिल्या, हे आठवून त्यांचे डोळे भरून आले.

"रगत दिसतंय ना तुला?" त्या म्हणाल्या. "मंग अजून येळ हाय, बाय. उद्या सकाळच्या एसटीनं डॉक्टरकडं जाऊ. मी येतंय तुज्यासंगती."