अनंताला विसळणाचं पाणी

माझ्या सासूबाईंना शिळं पाणी चालत नसे. बोरिवलीच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात सकाळी नळाला पाणी आलं, की कालचा भरलेला हंडा त्या मोरीत रिकामा करत आणि मग ताजं भरत. कोकणात त्यांच्या मागच्या दारी विहीर होती. ओतलेलं पाणी माडांच्या आळ्यात जाई. इथे ते थेट गटारात जायचं आणि माझं डोकं फिरायचं.

ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात पाणीकपात आली आणि सोसायटीने बागेच्या नळाला कुलूप घातलं. आमच्या खिडकीखाली सासूबाईंचा अनंत होता. सासरे गेल्यावर गावचं घर बंद करून त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर धरून आणलेलं रोप ते. इमारतीत त्यांचं कुणाशी जमलं नव्हतं. संध्याकाळी त्या झाडापाशीच बसत. आता त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली.

मी ठरवलं, हे झाड मरू द्यायचं नाही. आधी सासूबाईंचं हंडा ओतणं बंद केलं. पण कालचं पाणी आता प्यायलाच लागत होतं, झाडापर्यंत पोचत नव्हतं. म्हणून भांडी विसळलेलं पाणी बादलीत धरलं आणि निघाले. सासूबाई दारात आडव्या आल्या. ज्या झाडाची फुलं देवाला जातात त्याला खरकटं पाणी घालायचं? त्यापेक्षा ते वाळलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं.

"आई, झाडच वाळलं तर देवाला काय वाहणार?" मी विचारलं आणि त्यांना वळसा घालून बाहेर पडले.

त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. नवरा म्हणाला, जाऊ दे ना, पावसाळ्यात दुसरं लावू. दुसरं लावायला अनंत काय खिडकीचा पडदा होता? मीही हट्टाला पेटले. भांडी घासायच्या पावडरीचं पहिलं पाणी तेवढं मोरीत जाई. बाकी विसळणाचं, तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं अनंताला. शेजारणी हसत. हसू देत.

एका सकाळी बादली घेऊन गेले, तर बुंध्याभोवती नारळाची सोडणं नीट उपडी मांडलेली. ओल उडू नये म्हणून सासूबाईंच्या गावी असंच करतात. मी त्या सोडणांवरच पाणी ओतलं.

पाऊस यायच्या आधीच अनंताला कळे धरले. पहिलं फूल उमललं ते सासूबाईंनी खुडलं आणि देव्हाऱ्यापुढे बराच वेळ हातात धरून उभ्या राहिल्या. मग स्वयंपाकघरात माझ्या मागे आल्या.

"ह्यां देवाक चलाचां नाय," त्या म्हणाल्या. "तू माळ."

मी वळायच्या आत त्यांनी फूल माझ्या अंबाड्यात खोवलंसुद्धा. मला रडू फुटलं. हातात विसळणाची बादली होती. ती त्यांनी माझ्याकडून घेतली आणि स्वतः अनंताकडे निघाल्या.