बाईच्या गालावरचा ठसा

हार्लन केचमला आमच्या विनेमक्का गावात कुणी भला माणूस म्हणत नव्हतं, आणि मीही म्हणणार नाही. मेल्याचा हात आधी चालायचा, डोकं मागाहून. एकदा एक ट्रकवाला त्याच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात आला, खिशातून आजोबाचा चांदीचा डॉलर काढला आणि "काय देतोस?" म्हणत काउंटरवर खण्णकन आपटला. हार्लनने त्याची मान धरली, त्याचं थोबाड त्याच काउंटरवर आपटलं आणि विचारलं, "आता तुझं काय येईल, बोल!" ट्रकवाला नाकातून रक्त गाळत माझ्या खाणावळीत आला. मी त्याला बर्फ दिला आणि पलीकडे जाऊन हार्लनला यथेच्छ शिव्या घातल्या.

"नाण्याच्या कडेला खोक पडली, मारिचू," तो मलाच सुनावायला लागला. "शंभर वर्षांवर टिकलं होतं ते. नाक काय, आपोआप भरून येतं."

त्याचं दुकान आणि माझी खाणावळ यांच्यात एकच भिंत. आम्ही बास्क, मूळचे डोंगरातले मेंढपाळ लोक. माझा सासरा मेंढ्यांमागे इथे आला आणि म्हातारपणी त्याने ही खाणावळ काढली. आमच्याकडे लांबच लांब एक टेबल. न्यायाधीश येवो नाहीतर मेंढपाळ, जागा मिळेल तिथे बसायचं, सुपाचं भांडं हातोहात पुढे सरकवायचं. हार्लन आणि त्याची बायको व्हर्ना संध्याकाळचं जेवण माझ्याकडेच घेत. नाण्याचा दर्जा सत्तरपैकी लावतात. साठाच्या वरचं ते कोरं, कधी कुणाच्या खिशात न गेलेलं. साठाच्या खालचं वापरलेलं. हा माणूस माझ्या रश्शालाही आकडा लावायचा.

"अठ्ठावन्न," चमचा खाली ठेवत म्हणायचा. "दिसायला कोरा, पण कालचा आहे."

"आणि तुझं टक्कल किती रे? बारा?"

"त्याचं टक्कल सत्तर," व्हर्ना म्हणायची. "एक ओरखडा नाही त्यावर. आत काही हललंच नाही कधी."

सगळं टेबल हसायचं. व्हर्ना बारीक चणीची, शांत बाई, पण जीभ अशी. नाण्यांची नजर दोघांनाही होती. तो मात्र नाणं हातात घेतलं की वेगळाच माणूस व्हायचा. दुकानातले बाकीचे दिवे घालवायचा, एकच दिवा ठेवायचा. नाणं फक्त कडांना धरायचं, बोट पृष्ठभागाला लागता कामा नये. मग ते हळूहळू कलतं करत बघायचं, चकाकी नाण्यावरून कशी फिरते ते. त्या जुन्या डॉलरवर स्वातंत्र्याच्या बाईचा चेहरा असतो. आधी तिच्या कानावरचे केस बघायचे, मग गाल. गालावर बारीकसा ओरखडा असला तरी दर्जा घसरतो. हार्लन त्या गालाकडे ज्या डोळ्यांनी बघायचा ना, त्या डोळ्यांनी त्याने व्हर्नाकडे बघितलेलं मी तरी पाहिलं नाही. एकदा नाण्यांच्या उघड्या खोक्यावर ती शिंकली, तर त्याने लाकडी पट्टी तिच्या बोटांवर ओढली होती. तिने मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. मी पुढचे चार दिवस त्याच्या ताटात हाडंच वाढली.

क्लीट बॉडीन हा टायरवाला. अंगाने रेडा, तोंडाने गटार. तो एकदा आजोबाची नाणी घेऊन हार्लनकडे आला. विकायची म्हणून आदल्या दिवशी बसून लखलखीत घासून आणली होती. आता, जुनं नाणं घासलं की त्याची चामडीच निघते, मग ती नुसती चांदी उरते. हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे, पण क्लीटला नव्हतं. हार्लनने एक नाणं दिव्याखाली धरलं आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात खदखदून हसला.

"टूथपेस्ट लावलीस ना रे? अरे, आजोबा एकदा मेला होता, तू त्याला दुसऱ्यांदा मारलास. जा, वितळवून चमचे कर!"

क्लीटने त्याची कॉलर धरली. हार्लनने खोकं फोडायचा हातोडा उचलला. व्हर्ना मध्ये पडली म्हणून तेव्हा निभावलं. जाताना क्लीट दारात थुंकला.

मार्चमधली गोष्ट. दुपारची जेवणं उरकली होती, मी मेंढीची मांडी सोलत होते. भिंतीपलीकडून हार्लनची किंकाळी आली. बायकांसारखी किंकाळी हो, मला आधी वाटलं व्हर्नाच. हातातली सुरी तशीच घेऊन मी धावले.

हार्लन टपालघरात गेला होता, तेवढ्यात कुणीतरी डाव साधला होता. काचेची कपाटं फुटलेली, खोकी रिकामी, मागचं दार सताड उघडं. काउंटरच्या मागे व्हर्ना पडली होती. टायर काढायच्या पहारीने तिच्या डोक्याची डावी बाजू ठेचली होती. कान जागेवर नव्हता. केस, रक्त आणि काचा एकत्र झाल्या होत्या, आणि ती एका डोळ्याने छताकडे बघत होती. हार्लन गुडघ्यांवर बसून तिचं डोकं मांडीवर घेऊन गदगदा हलत होता. "व्हर्ना, ए व्हर्ना, अगं व्हर्ना." मी ॲप्रन काढून तिच्या डोक्याला दाबला. फोन त्याने केलाय म्हणाला. खोलीत नखांचा रंग उतरवायच्या पाण्याचा उग्र वास भरला होता. म्हटलं, बाटली फुटली असेल. वासाकडे लक्ष द्यायची ती वेळ होती का?

तिला हेलिकॉप्टरने रीनोच्या हॉस्पिटलात नेलं. जगली. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओघळलं, एक डोळा मिटला तो मिटलाच.

ती शुद्धीवर आल्यावर पोलीस तपासाला आले. ह्युएट नावाची बाई होती, कामाला चोख. व्हर्नाने अडखळत सांगितलं, "त्याच्या तोंडाला फडकं होतं. हातात मोजे. पण मोज्याने नाणं उचलेना, म्हणून एक मोजा त्याने ओढून काढला. ते एकोणनव्वदचं उचललं. मी त्याच्या हाताला चावले. ते पडलं. पुढचं आठवत नाही."

एकोणनव्वदचं म्हणजे अठराशे एकोणनव्वद सालचं, कार्सन सिटीच्या टांकसाळीतलं. हार्लनच्या सगळ्या संग्रहाचा राजा. चोराने सगळं नेलं, हे एकच मागे राहिलं होतं.

ह्युएट ताडकन उठली. "म्हणजे उघड्या अंगठ्याने धरलं! केचम, ते नाणं कुठे आहे? तुम्ही हात नाही ना लावलात?"

हार्लन उठला. ह्युएटला घेऊन व्हरांड्यात गेला, मीही मागोमाग गेले.

"ठसा होता," तो म्हणाला. "गालाच्या बरोबर मधोमध. अख्खा अंगठा, रेघ न् रेघ."

"मग?"

"धुतला."

ह्युएटला कळलंच नाही. मला मात्र कळलं. ताजा ठसा चांदीवर राहू दिला तर चांदी तो धरून ठेवते, काही दिवसांनी काळा पडून वर येतो आणि मग जन्मात जात नाही. म्हणून ह्या लोकांचे हात कसे झालेले असतात, तर ठसा दिसला की ॲसिटोनमध्ये बुडव. ते नखांचं पाणी म्हणजे ॲसिटोनच.

"मी फोन केला, ॲम्ब्युलन्स निघाली होती," हार्लन म्हणाला. "करण्यासारखं काही नव्हतं. नाणं समोर पडलं होतं. हात आपोआप गेला."

ह्युएटने त्याला हॉस्पिटलच्या भिंतीवर ढकललं. पोलिसाने असं करू नये, पण केलं आणि बरं केलं. "तुमच्या बायकोचं डोकं फोडणाऱ्याचा अंगठा तुम्ही धुऊन टाकलात! माझ्याकडे दुसरं काही नाहीये, कळतंय का?"

ती गेल्यावर हार्लन माझ्या पायाशी बसला. त्याला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "व्हर्नाला सांगू नकोस, मारिचू. तुझ्या पाया पडतो. तिला कळलं तर मी संपलो."

मी कसली सांगतेय! त्या बाईच्या डोक्यात आधीच धातूची पट्टी बसवली होती, त्यात हे कुठे घालू?

क्लीटला पकडलं. त्या दुपारी त्याचा ट्रक मागच्या गल्लीत दिसला होता. पण गल्लीत ट्रक तर कुणाचाही असतो. मनगटावर चाव्याची खूण होती, तर म्हणाला, कुत्रा चावला. नाणी सापडली नाहीत. दोन दिवसांनी सोडून दिला.

व्हर्ना घरी आली. आणि हा हार्लन, हा हात उगारणारा माणूस, तिचं सगळं करायला लागला. भरवायचा, न्हाऊ घालायचा, रात्री ती ओरडत उठली की उशाशी बसायचा. दुकान उघडलंच नाही. ती मला अधूनमधून विचारायची, "क्लीटला का सोडलं गं?" मी म्हणायचे, "पुरावा नाही." ती माझ्याकडे एका डोळ्याने बघत राहायची. मला वाटायचं, आता तोंडातून निघतंय. नाही निघालं.

सप्टेंबरात हार्लनने तिला त्यानंतर पहिल्यांदा खाणावळीत जेवायला आणलं. टेबल भरलेलं होतं. मी सूप आणत होते, तेवढ्यात क्लीट आत आला. लाज नाही, शरम नाही. रिकामी खुर्ची एकच होती, हार्लनच्या समोर. आमच्याकडे जागा मिळेल तिथे बसायचं, तो बसला. पाव मोडला. मी म्हटलं, "ऊठ, क्लीट. तुला इथे जेवण नाही."

"का? मी काय केलंय? सरकारने सोडलंय मला." तो हार्लनकडे वळला आणि हसला. "एवढा चेहरा कशाला पाडतोस रे? एक तरी नाणं तुझ्यासाठी ठेवलं ना!"

एक नाणं मागे राहिलं ही गोष्ट आम्हा तिघांना आणि ह्युएटला सोडून कुणाला माहीत नव्हती.

हार्लनने माझ्या हातातलं उकळतं सूप घेतलं आणि क्लीटच्या तोंडावर ओतलं. मग तेच लोखंडी भांडं दोन्ही हातांनी वर उचलून त्याच्या डोक्यात घातलं. क्लीट खुर्चीसकट मागे पडला. हार्लन टेबलावरून पलीकडे गेला, त्याच्या छातीवर बसला, त्याचा उजवा हात जमिनीवर दाबला आणि भांड्याच्या बुडाने तो अंगठा ठेचायला लागला. हाड मोडल्याचा आवाज आला, तरी थांबेना. "हा! हा! हाच तो!" एवढंच ओरडत होता. मग हात संपला आणि तोंड सुरू झालं. चार मेंढपाळांनी ओढला तेव्हा कुठे निघाला. क्लीटचे दात माझ्या जमिनीवर होते आणि जबडा एकीकडे लोंबत होता. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं, खोटं कशाला बोलू? पण व्हर्नाकडे बघितलं तर ती पावाचा तुकडा हातात धरून तशीच बसली होती. ना घाबरली होती, ना सुखावली होती.

क्लीटचा एक डोळा गेला, पण जगला. चोरी त्याच्यावर शाबीत झाली नाही ती नाहीच. हार्लनने मात्र भरल्या खाणावळीत मारलं होतं. त्याला कैद झाली.

व्हर्नाला तुरुंगात भेटायला नेणार मीच. पहिल्या भेटीला हार्लन पाठ वाकवून आला, टेबलापलीकडे बसला आणि बसल्या बसल्या रडायला लागला.

"तुझ्यासाठी मारलं त्याला, व्हर्ना. पण एक सांगायचं राहिलंय. नाण्यावर त्याचा ठसा होता. मी धुतला. तू बेशुद्ध होतीस, फोन करून झाला होता, आणि मग..."

"मी बेशुद्ध नव्हते," व्हर्ना म्हणाली.

तिला शब्द जुळवायला वेळ लागायचा.

"तू दारातून आलास. मी तुझ्याकडेच बघत होते. म्हटलं, आला एकदाचा. हाक मारत होते तुला, पण तोंडात रक्त होतं. तू खाली वाकलास. मला वाटलं, माझ्याकडे. तू नाणं उचललंस. दिव्याखाली धरलंस. बाटली उघडलीस, बुडवलंस, फडक्यावर निथळत ठेवलंस. मग माझ्याकडे वळलास आणि ओरडलास. फोन त्याच्यानंतर."

हार्लनचा चेहरा पांढराफटक पडला. "मी... मला कळलंच नाही गं. आईशप्पथ. हात आपोआप गेले."

"माहितेय. मुद्दाम केलं असतंस तर केव्हाच माफ केलं असतं, हार्लन. तू आपोआप केलंस."

त्याने कपाळ टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा, मग आपटतच राहिला. पहारेकरी धावले, त्याचे हात मागे पिरगाळले, रक्ताने भरलेला चेहरा घेऊन त्याला ओढत नेला. तो तिच्या नावाने ओरडत होता. व्हर्ना उठली आणि मला म्हणाली, "कोटाची बटणं लावून दे."

गाडीत बराच वेळ मी दात-ओठ खात होते. शेवटी राहवेना. "अगं, मग एवढे महिने गप्प का बसलीस? मला विचारत होतीस, क्लीटला का सोडलं म्हणून! त्याच दिवशी त्या मेल्याला तोंडावर का नाही सांगितलंस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "तो रोज माझे केस विंचरायचा," ती म्हणाली. "जखम चुकवून, हळूहळू. एवढ्या संसारात असा हात कधी लावला नव्हता त्याने. मी बोलले असते तर ते बंद झालं असतं, मारिचू."

मला समोरचा रस्ता दिसेना, म्हणून मी गाडी कडेला घेतली.