गाळलेलं तिसरं कडवं

दर शुक्रवारी नवी गाणी येतात आणि मी सकाळीच ती ऐकायला बसते. मला हवी असतात लोकगीतं, पण जुनी नव्हेत. आजच्या माणसांनी स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावून स्वतःच गायलेली. कुणी कोपर स्टेशनजवळच्या गच्चीवर रेकॉर्ड केलेलं असतं, कुणी भाड्याच्या खोलीत भिंतीला गादी टेकवून. ज्यांना जाहिरात परवडत नाही, त्यांच्याबद्दल चार ओळी लिहून मी ओळखीच्या लोकांना पाठवते. पत्रकं वाटण्याचंच काम आहे हे, फक्त हाताला शाई लागत नाही.

पत्रकांवरच मी वाढले. कल्याणजवळच्या मोहन्यात आमच्या घरी कॉटखाली कपड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. बाबा कारखान्यातले, युनियनचे. ‘मागण्या’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता आला.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी ठाण्यातल्या एका मुलीचं गाणं लावलं. एक गिटार आणि एक आवाज. पहिल्याच ओळीला मी सावरून बसले. ‘चिमणीला धूर नाही, चुलीला तरी असू दे.’

हे काकांचं गाणं. काका म्हणजे बाबांच्या खात्यातले जोडीदार. कारखाना बंद पडला तेव्हा गेटसभेत ते डफ घेऊन उभे राहायचे. शब्द त्यांचे, चाल त्यांची. आणि त्या मुलीच्या गाण्याखाली लिहिलेलं: शब्द व चाल पारंपरिक.

माझं डोकंच फिरलं. माणूस तिकडे दिवा गावात जिवंत आहे आणि त्याचं गाणं पारंपरिक? कष्टकऱ्याचं काहीही उचलावं आणि ‘परंपरा’ म्हणून मोकळं व्हावं, हे मी आयुष्यभर वाचत आले होते. मी त्या मुलीला लांबलचक मेसेज पाठवला. ‘चोरी’ हा शब्द त्यात तीनदा होता.

तासाभरात उत्तर आलं. ‘सॉरी ताई, मला खरंच माहीत नव्हतं. चाल मोहन्यातल्या एका आजींनी गुणगुणून दाखवली. शब्द युनियनच्या एका जुन्या पुस्तिकेत मिळाले, तिथे नाव नव्हतं. आजच बदलते. पण एक विचारू? दोनच कडवी होती का? गाताना सारखं वाटतं, काहीतरी राहिलंय.’

सोबत पुस्तिकेच्या पानाचा फोटो होता. ती पुस्तिका मीच काढलेली.

आमच्या युनियनमध्ये नियम होता, पत्रकावर लिहिणाऱ्याचं नाव घालायचं नाही. गाणं चळवळीचं. नाव आलं की पुढारी तयार होतो, असं बाबा म्हणायचे. अकरावीत असताना गेटवरच्या गाण्यांची पुस्तिका करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा तो नियम मी कडकपणे पाळला. एकही नाव ठेवलं नाही. काकांच्या गाण्याचं तिसरं कडवं काकूंवर होतं. आठ पानांत जागा कमी होती हे खरं, पण जागेसाठी मी ते काढलं नाही. मला ते हलकं वाटलं. लढ्याच्या गाण्यात बायकोचं कौतुक कशाला? लाल पेनाने काट मारली. काकांना सांगितलं तर म्हणाले, “तू शिकलेली. तुला योग्य वाटतं तसं कर.” त्यांच्या अक्षरातला तो एकमेव कागद छापखान्यातून परत आणायचंही मला सुचलं नाही.

रविवारी दिव्याला गेले. काका तिथे त्यांच्या मुलीकडे राहतात, तिला मी ताई म्हणते. ताईने दार उघडलं, पॅसेजमधला पाण्याचा ड्रम पायाने सरकवला आणि म्हणाली, “या पत्रकवाल्या बाई! आमची सध्या एकच मागणी आहे हां, नळाला पाणी.” मग आत वळून, “बाबा, बघा कोण आलंय!”

काकू जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आठवणीही मधेमधे तुटल्या. मी गाणं लावून फोन त्यांच्या उशाशी ठेवला. ते डोळे मिटून ऐकत होते. डावा हात कॉटच्या कडेवर ठेका धरत होता.

“पोरगी गोड गाते,” ते म्हणाले. “घाई करते पण.”

गाणं संपलं. हात थांबला नाही. त्याच लयीत आणखी एक अख्खं कडवं तो वाजवत राहिला, आणि मग थांबला.

“पुढचं?”

“तेवढंच आहे, काका.”

“नाय. हिच्यावर होतं.” त्यांनी भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे मान वळवली. “ते लाव.”

मी सांगितलं. मीच काढलं, पुस्तिकेतून. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आशेने.

“तू वाचलेलंस ना?”

“हो.”

“मग म्हण की.”

मी ते काट मारण्यापुरतं वाचलं होतं. ‘सुई’ एवढा एकच शब्द आठवत होता. तो सांगितला. त्यांचे ओठ हलले, सुई, सुई, आणि पुढे काहीच आलं नाही. मी ताईकडे पाहिलं.

“मला कुठलं येतंय,” ती म्हणाली. “ते कडवं आलं की आई लाजून मोरीत जायची. मी तिलाच बघून हसत बसायचे, शब्द कोण ऐकतंय.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “कारखाना बंद पडल्यावर घर तिनंच ओढलं गं, घरी बसून शर्टांना बटणं लावून. तिच्यावर कुणी लिहिलेलं तेवढंच होतं.”

त्या मुलीने शब्द पाळला. गाण्याखाली आता काकांचं नाव आहे. तिला मी कळवलं की तिसरं कडवं होतं आणि ते माझ्यामुळे गेलं. ‘चोरी’ म्हटल्याबद्दल माफीही मागितली.

गुरुवारी ताईचा फोन आला. “ऐक ना, रागवू नकोस. बाबा रोज ते गाणं लावायला सांगतात. संपलं की ‘पुढचं लाव’ म्हणतात. नाही म्हटलं की रडतात. मी काढून टाकलंय मोबाईलमधून. तू ये कधीही, जेवायलाच ये. फक्त ते गाणं लावू नकोस.”